भोपाळची बरसी : स्मरण कुणाचे, आणि कोणत्या यादीवरून?

भोपाळच्या वायुकांडात गेलेल्यांपैकी साऱ्या जगाच्या ओळखीचा झालेला चेहरा एका तान्ह्या मुलाचा आहे. अंग मातीत गेलेले, चेहरा तेवढा वर, डोळे उघडे आणि पुरणाऱ्या माणसाचा हात त्याच्या कपाळाशी. रघु राय यांनी हे दृश्य कृष्णधवल टिपले, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या छायाचित्राला १९८४ चा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ते मूल कुणाचे होते, हे मात्र कधीच कळले नाही. दर डिसेंबरात मोर्च्यांतल्या फलकांवर तो चेहरा येतो आणि त्याच्याखाली लिहायला नाव नसते.

२०२४ च्या डिसेंबरात या घटनेला चाळीस वर्षे झाली. त्यानंतरच्या वर्षभरात कारखान्यातला विषारी कचरा हलला, जळला आणि 'आता तरी तिथे स्मारक होऊ द्या' ही जुनी चर्चा पुन्हा वर आली. भोपाळची आठवण कशी ठेवायची हा वाद आज नेमका कुठे उभा आहे, ते पाहायला ही वेळ बरी आहे.

आधी एका शब्दाविषयी. मराठीत आपण 'स्मृतिदिन' म्हणतो, भोपाळमध्ये 'बरसी' म्हणतात. शब्द घरगुती आहे. आपल्याकडच्या वर्षश्राद्धासारखीच बरसी गेलेल्या माणसाला वर्ष झाले की होते. वर्षश्राद्ध उरकले की दुखवटा संपतो, अडलेली लग्नकार्ये मार्गी लागतात आणि गेलेला माणूस पितरांत जमा होतो. भोपाळमधला वाद खरे तर या 'जमा होण्या'चाच आहे. एक बाजू म्हणते, झाले ते झाले, आता श्रद्धांजली. दुसरी म्हणते, किती माणसे जमा करायची तेच अजून ठरलेले नाही, मग बरसी कसली?

त्या रात्रीपासून

युनियन कार्बाइडच्या भारतीय उपकंपनीचा हा कारखाना सेव्हिन नावाचे कीटकनाशक बनवत असे. त्यासाठी लागणारे मिथाइल आयसोसायनेट, ज्याला भोपाळमध्ये लहान पोरेसुद्धा 'मिक' म्हणतात, मोठ्या टाक्यांत साठवलेले असे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, आत उष्णता व दाब वाढत गेला आणि मध्यरात्रीनंतर सुमारे चाळीस टन वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवला होता. वायू धुऊन निरुपद्रवी करणारी यंत्रणा एवढ्या लोंढ्याला पुरणारी नव्हती. समोरचे जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला, रेल्वे स्टेशन या भागांतली माणसे झोपेतून उठून पळाली. वारा ज्या दिशेने होता त्याच दिशेने अनेक जण पळाले.

कारखाना धोकादायक आहे, असे राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार १९८२ पासून लिहीत होते. पाणी टाकीत गेले कसे, यावर दोन कथा आजही शेजारी शेजारी उभ्या आहेत. कंपनी म्हणते, एका नाराज कामगाराने मुद्दाम सोडले. कामगार आणि भारतीय तपास यंत्रणा देखभालीतला हलगर्जीपणा व सदोष रचना यांकडे बोट दाखवतात. स्मरणाच्या वादात या दोन कथांचे महत्त्व आहे, कारण घातपात मानला तर ती एक दुर्दैवी रात्र ठरते आणि हलगर्जी मानली तर आधीची कित्येक वर्षेही त्यात येतात.

पुढचा कायदेशीर प्रवास थोडक्यात असा. १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने लढण्याचा हक्क केंद्र सरकारकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बहुतेकांच्या हाती पहिल्या खेपेस पंचवीस हजार रुपये आले, पुढे जवळपास तेवढेच पुन्हा. कार्बाइडचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना ७ डिसेंबर १९८४ रोजी अटक झाली, त्याच दिवशी ते सुटले, आणि २०१४ मध्ये अमेरिकेत वारले तोवर भारतीय न्यायालयासमोर पुन्हा आले नाहीत. ७ जून २०१० रोजी सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. भरपाई वाढवून मागणारी केंद्राची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. न्यायालयाच्या दृष्टीने भरपाईचे प्रकरण इथे मिटले आहे.

आकड्यांची अडचण

कुठल्याही स्मारकावर आधी आकडा लागतो, मग नावे. भोपाळमध्ये आकडाच एक नाही. सुरुवातीच्या दिवसांतला सरकारी आकडा २,२५९. मध्य प्रदेश सरकारने नंतर मान्य केलेला ३,७८७. केंद्राने भरपाईच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयासमोर मांडलेला ५,२९५. पीडितांच्या संघटना वीस ते पंचवीस हजार सांगतात.

ही तफावत फुगवाफुगवीची नाही आणि लपवाछपवीचीही सगळी नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. पहिला जवळपास प्रेतांचा आकडा आहे, म्हणजे जी मोजायला मिळाली त्यांचा. पहिल्या दोन-तीन दिवसांत अनेकांचे सामुदायिक दफन आणि दहन झाले, ओळख पटवायला वेळ नव्हता. ज्या झोपडीतले सगळेच गेले, तिथे नाव सांगायलाही कुणी उरले नाही. नंतरचे आकडे दाव्यांचे आहेत, म्हणजे ज्यांच्या वारसांनी कागद आणले आणि ज्यांचे कागद मान्य झाले त्यांचे. मृत्यूचे म्हणून आलेले सुमारे दहा हजार दावे दावा न्यायालयांनी दुखापतीच्या वर्गात टाकले. माणूस गेला हे कबूल, पण वायूमुळेच गेला हे सिद्ध होत नाही, असा त्याचा अर्थ. संघटनांच्या आकड्यात पुढची वर्षे येतात, फुप्फुसे निकामी होऊन पाच, दहा, वीस वर्षांनी गेलेले येतात.

वैद्यकीय पुराव्याचीही इथे पंचाईत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा दीर्घकालीन अभ्यास १९९४ मध्ये थांबला. पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संस्था भोपाळमध्ये २०१० साली सुरू झाली. मधल्या सोळा वर्षांत कोण कशाने गेले, याचा सलग वैद्यकीय हिशेब विस्कळीत राहिला. मला वाटते, स्मरणाचा जवळपास प्रत्येक वाद मागे मागे नेला तर याच रिकाम्या जागेपाशी येऊन थांबतो.

एका तारखेच्या दोन सकाळी

३ डिसेंबरला भोपाळमध्ये सरकारी कार्यालयांना स्थानिक सुटी असते. सकाळी बरकतउल्ला भवनात सर्वधर्म प्रार्थना सभा होते. गीता, कुराण, बायबल, गुरुग्रंथ यांतले वाचन, मुख्यमंत्री किंवा राज्यपालांची उपस्थिती, दोन मिनिटे मौन. देशभर २ डिसेंबर हा 'राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन' म्हणून पाळला जातो. सरकारी बाजूचा विचार समजण्यासारखा आहे. राज्याने शोकाला सर्वांना सामावणारे, शांत रूप द्यावे आणि त्या घटनेतून पुढच्यासाठी काही बोध घ्यावा, ही अपेक्षा चुकीची म्हणता येत नाही. टीकाकारांचा आक्षेप नावावर आहे. 'प्रदूषण नियंत्रण दिन' या शब्दांत भोपाळ नाही, कंपनी नाही, माणसे नाहीत. शाळांत त्या दिवशी झाडे लावा, प्लास्टिक टाळा असे निबंध लिहून घेतात, ही माझीही आठवण आहे. आमच्या बाईंनी तेव्हा भोपाळचा उल्लेख केल्याचे मात्र आठवत नाही.

त्याच शहरात दुसरी बरसी होते. २ तारखेच्या रात्री मशाल मोर्चा, ३ तारखेला कारखान्याच्या दिशेने मिरवणूक, पुतळे जाळणे. आधी अँडरसनचे जळत, आता २००१ मध्ये कार्बाइड विकत घेणाऱ्या डाऊ केमिकलचे जळतात. इथे मौन नसते, घोषणा असतात. या बाजूच्या दृष्टीने शोक आणि मागणी वेगळ्या काढता येत नाहीत. आजारी माणसाला औषध हवे आणि वस्तीला स्वच्छ पाणी हवे, तोवर फुले वाहून काय करायचे?

पीडितांची बाजू म्हणजे एकच बाजू, असे बाहेरून वाटते. ते खरे नाही. अब्दुल जब्बार यांची महिला उद्योग संघटना, रशीदा बी व चंपादेवी शुक्ला यांची स्टेशनरी कर्मचारी महिलांची संघटना, साधना कर्णिक यांची संघर्ष सहयोग समिती, सतीनाथ षडंगी यांच्याशी जोडलेला संभावना क्लिनिकचा गट, प्रत्येकाची वाट थोडी वेगळी. कुणी कोर्टावर भर दिला, कुणी रोजगारावर, कुणी उपचारावर, कुणी डाऊविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेवर. बरसीला सगळे एका मोर्च्यात असतील, असेही नाही.

जब्बारभाईंचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. यादगार-ए-शाहजहानी बागेत त्यांची सभा दर शनिवारी भरायची, दशकानुदशके. बहुतेक बायका, बऱ्याचशा बुरख्यातल्या. 'खैरात नहीं, रोजगार चाहिए' ही त्यांची घोषणा. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मश्री मिळाली. वर्षातून एकदा आठवण काढणे आणि आठवड्यातून एकदा भेटणे यांत फरक असा की शनिवारी कुणी आले नाही तर ते लगेच लक्षात येते.

स्मारक, संग्रहालय आणि गंजलेला कारखाना

कारखान्यासमोर, जयप्रकाश नगरच्या तोंडाशी, १९८५ पासून एक मूर्ती आहे. लेकराला छातीशी धरून पळणारी बाई. डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी ती घडवली. चौथऱ्यावर हिरोशिमा आणि भोपाळ ही दोन नावे एकत्र येतात. सरकारने उभारलेली नसलेली ही मूर्तीच चाळीस वर्षे शहराचे प्रत्यक्ष स्मारक आहे.

सरकारी स्मारकाचा विषय २००५ मध्ये स्पर्धेपर्यंत गेला. दिल्लीच्या 'स्पेस मॅटर्स' या वास्तुरचनाकारांच्या गटाची योजना निवडली गेली. कारखान्याचे अवशेष, म्हणजे मिकचा प्लांट, मनोरा, नियंत्रण कक्ष, पाडून न टाकता जपावेत आणि त्यांनाच स्मारक मानावे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. अभ्यासक व संवर्धनतज्ज्ञ याच बाजूचे आहेत. त्यांचा मुद्दा सरळ आहे : दुर्घटनेचा सर्वांत मोठा साक्षीदार तो गंजका सांगाडा आहे, आणि पावसाळ्यागणिक तो झिजतो आहे. हिरोशिमातही अणुबॉम्बनंतर उरलेला घुमटाचा भग्न सांगाडा पाडावा की ठेवावा यावर वीसेक वर्षे वाद चालला. बघवत नाही, पाडा, म्हणणारे तिथलेच होते. १९६६ मध्ये नगरपरिषदेने तो कायम जपायचा ठराव केला.

भोपाळच्या संघटनांचा विरोध सांगाडा जपण्याला फारसा नाही. तो क्रमाला आहे. आधी माती-पाणी स्वच्छ करा, मग स्मारक. विषारी जमिनीवर बगीचा केला तर तो कचऱ्यावर घातलेले पांघरूण ठरेल, अशी त्यांची भीती. २००९ मध्ये पंचविसाव्या बरसीच्या आधी राज्य सरकारने कारखान्याची दारे लोकांना खुली करायचे ठरवले, आत आता धोका उरलेला नाही हे दाखवायला. त्यावर इतका गदारोळ झाला की बेत रहित करावा लागला. त्याच वर्षी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी आवारातली माती हातात घेऊन आपण धडधाकट असल्याचे सांगितले, आणि तेही लोकांना झोंबले.

या कोंडीतून संघटनांनी आपली वाट काढली. २ डिसेंबर २०१४ रोजी बेरसिया रोड भागात 'रिमेंबर भोपाळ' संग्रहालय सुरू झाले. सरकार किंवा कंपन्यांचा पैसा घ्यायचा नाही, ही अट. मांडणी पत्रकार रमा लक्ष्मी यांच्या पुढाकाराने झाली. मेलेल्या मुलांचे कपडे, रोजच्या वापरातल्या वस्तू, आणि भिंतीवर टेलिफोनचे रिसीव्हर. उचलून कानाला लावला की वाचलेल्या माणसाचा आवाज. टीका याही संग्रहालयावर झाली आहे. चळवळीचे संग्रहालय चळवळीची बाजू मांडणारच, मग चळवळीबाहेरचे भोपाळकर, रेल्वेचे कर्मचारी, हमीदिया रुग्णालयातले डॉक्टर यांना त्यात किती जागा, असा हा प्रश्न. 'द रेल्वे मेन' ही २०२३ ची मालिका स्टेशनवरच्या माणसांना केंद्रस्थानी आणते, तेव्हा संघटनांच्या मते कंपनी मागे पडते. एकाला पुढे आणले की दुसरा मागे जातो, हे या विषयात टळत नाही.

तिसरी बाजू फारशी लिहिली जात नाही, कारण ती मोर्चे काढत नाही. नव्या भोपाळात, तलावांच्या पलीकडे राहणाऱ्या अनेकांना आपले शहर वायुकांडामुळेच ओळखले जाते याचा कंटाळा आला आहे. त्यांना ते स्वच्छतेतल्या क्रमांकांसाठी, भीमबेटका-सांचीच्या वाटेवरचे शहर म्हणून ओळखले जावे असे वाटते. यात निष्ठुरपणा पाहणे सोपे आहे. पण चाळीस वर्षांत शहरात नव्याने राहायला आलेले लाखो लोक आहेत, आणि त्यांनी कुठल्या आठवणीचा वारसा घ्यायचा हा प्रश्न खोटा नाही.

आठवण सगळ्यांना, पिंपे कुणालाच नको

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध दोन वळणांवर येतो. पहिले वळण चाकणजवळचे शिंदे-वासुली गाव. तिथे डाऊ केमिकलचे संशोधन केंद्र व्हायचे होते. २००८ मध्ये वारकऱ्यांनी, बंडातात्या कराडकर यांच्या नेतृत्वाखाली, त्याला विरोध केला, बांधकामाची जाळपोळ झाली आणि पुढे कंपनीने तो प्रकल्प सोडला. भोपाळची आठवण इथे डोंगर-ओढ्यांच्या काळजीत मिसळून दिंडीच्या वाटेवर आली होती.

दुसरे वळण बुटीबोरी. कारखान्यात साठलेला शेकडो टन कचरा गुजरातेत अंकलेश्वरला जाळायचे ठरले, गुजरातने नकार दिला. मग २०११ मध्ये नागपूरजवळच्या बुटीबोरी भागातल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचे नाव आले, तेव्हा महाराष्ट्राने नकार दिला. जर्मनीला पाठवायची बोलणीही फिसकटली. भोपाळबद्दल हळहळणारे आपण त्याची पिंपे आपल्या जिल्ह्यात घ्यायला तयार नव्हतो, आणि आपली कारणे अंकलेश्वरच्या लोकांइतकीच रास्त होती.

शेवटी ३ डिसेंबर २०२४ रोजी, बरोबर चाळिसाव्या बरसीला, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सरकारला चार आठवड्यांची मुदत दिली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरांतून ३३७ टन कचरा धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला निघाला. तिथे तीव्र आंदोलन झाले, दोघांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. जूनअखेर कचरा जाळून संपला. सरकारच्या मते हा कलंक पुसला गेला. संघटनांच्या मते गोदामातला हा वाटा सगळ्यात सोपा होता. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने हैदराबादच्या भूभौतिक संस्थेबरोबर २०१० मध्ये केलेल्या अहवालात आवारातली दूषित माती अकरा लाख टनांच्या घरात सांगितली आहे. भूजल दूषित झालेल्या वस्त्यांतले अनेक रहिवासी १९८४ नंतर तिथे आलेले आहेत. तेव्हा ते वायुपीडित नाहीत, पाणीपीडित आहेत, आणि ३ डिसेंबर ही त्यांची तारीखच नव्हे.

बरसीने काय होते?

बरसीच्या उपयोगाबद्दल अभ्यासकांत दोन मते आहेत. एक असे की ठरावीक तारखेमुळे विषय जिवंत राहतो. पत्रकार येतात, मंत्र्यांना बोलावे लागते, वर पाहिले तसे न्यायालयही तारीख विसरत नाही. दुसरे असे की बातमीदारी फक्त डिसेंबरात होते, तीही पाच-दहा वर्षांच्या गोल आकड्यांना, आणि उरलेल्या दिवसांत विषय मरतो. किम फोर्चुन यांनी 'ॲडव्होकसी आफ्टर भोपाळ' या पुस्तकात दुर्घटना ही एका क्षणाची नसून वर्षानुवर्षे चालणारी असते, ही दृष्टी दिली. वीणा दास यांनी पीडितांचे दुःख न्यायालयाच्या व वैद्यकाच्या भाषेत गेले की ते पीडितांच्या हातून कसे निसटते, हे दाखवले. या दोन्ही लेखिकांच्या कामापुढे 'बरसी पाळावी की नाही' हा प्रश्न लहान वाटू लागतो.

बरसी कशी वापरता येते याचा सर्वांत विलक्षण नमुना २००४ चा. विसाव्या बरसीला 'येस मेन' या व्यंग्यकार जोडीतला एक जण डाऊचा प्रवक्ता बनून बीबीसीवर आला आणि कंपनी सगळी जबाबदारी घेते, बारा अब्ज डॉलर देते, असे सांगून गेला. तास-दोन तास जगाने ते खरे मानले, डाऊचा शेअर कोसळला. खुलासा आला तेव्हा भोपाळमध्ये काहींच्या डोळ्यांत आनंदाचे पाणी येऊन गेले होते. काही कार्यकर्त्यांच्या मते त्या थट्टेने डाऊच्या नकाराला जगभर प्रसिद्धी दिली. ज्यांनी तासभर ते खरे मानले त्यांच्याशी मात्र ती क्रूर होती, असे इतरांना वाटले. मला दोन्ही पटते.

जे सुटलेले नाही

आज चित्र असे आहे. कचऱ्याचा एक भाग गेला, माती-पाण्याचा उरला. न्यायालयीन वाट जवळपास संपली. स्मारकाचा आराखडा जुना झाला, जागेवर हक्क सरकारचा, आठवणीवर दावा संघटनांचा. त्या रात्री तरुण असलेले लोक आता सत्तरीकडे झुकले आहेत, काही वर्षांत प्रत्यक्ष पाहिलेले कमी होत जातील आणि आवाज तेवढे राहतील.

आणि यादी. हिरोशिमाच्या स्मारकात मृतांची नोंदवही ठेवलेली असते आणि दर ६ ऑगस्टला गेल्या वर्षभरात वारलेल्या बॉम्बपीडितांची नावे तिच्यात भरतात. वाचलेला माणूस पन्नास-साठ वर्षांनी वारला तरी त्याचे नाव जाते, बॉम्बनेच मेला का, हे पुन्हा सिद्ध करावे लागत नाही. भोपाळमध्ये दावे स्वीकारणे थांबले आणि यादीही थांबली. माझे मत विचाराल तर स्मारक बगीचा असावे की सांगाडा, हा वाद दुय्यम आहे. आधी अशी वही उघडायला हवी, आणि ती भरपाईपासून वेगळी काढायला हवी. नाव लिहिल्याने कुणी पैसे मागणार असेल तर सरकार नाव लिहिणार नाही, हे चाळीस वर्षांनी पुरेसे स्पष्ट आहे.

दिल्लीला जाणाऱ्या गाडीतून भोपाळ ओलांडणारे मराठी प्रवासी पुष्कळ आहेत. कधी एक दिवस मोकळा ठेवून स्टेशनवर उतरा. कारखान्याचे कुंपण, समोरची मूर्ती आणि बेरसिया रोडचे ते संग्रहालय एकमेकांपासून फार लांब नाहीत. तिथे भिंतीवरचा रिसीव्हर उचला. पलीकडून बोलणारी बाई भोपाळी हिंदीत बोलते, आणि आपल्याला ती सगळी कळते.